स्वस्तिक उलटं की सुलटं? फरक दिशेत नाहीये

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही दोघं एप्रिलमध्ये जपानला जाऊन आलात, तोक्योच्या असाकुसामधल्या सेन्सोजी देवळात उलटं स्वस्तिक बघितलंत, छान वाटलं म्हणून तसंच एक पितळेचं कीचेन लेकीसाठी घेतलंत. लेक स्टुटगार्टला असते. तिने मागच्या दिवाळीत फ्लॅटच्या दाराबाहेर कुंकवाने स्वस्तिक काढलं तर समोरच्या आजींनी सरळ बिल्डिंग सांभाळणाऱ्या माणसाला बोलावून आणलं आणि पोरगी रडकुंडीला आली. आणि तुमचे मिस्टर म्हणतायत की हिटलरने आपलं स्वस्तिक उलटं केलं म्हणून ते अशुभ झालं, तेव्हा ते जपानचं उलटंवालं तर अजिबातच पाठवू नको.

मी पुण्यात गाइड आहे, सत्तावीस वर्षं झाली. आधी जपानी शिकले, मग जर्मन, आणि दोन्हीकडचे ग्रुप घेऊन कार्ला, भाजे, अजिंठा, वेरूळ करत असते. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही, माणसांच्या चेहऱ्यांवरून आला. एकाच खांबासमोर जपानी आजोबा हात जोडतात आणि पुढच्या आठवड्यात तिथेच जर्मन बाई दोन पावलं मागे सरकते, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

आधी मिस्टरांचं बोलणं घेते, कारण हे व्हॉट्सअॅपवर इतकं फिरतं की खरंच वाटायला लागतं. हिटलरने स्वस्तिक उलटं केलेलं नाही. आपण दिवाळीला, गणपतीला, चोपडीवर काढतो त्या स्वस्तिकाची वरची उभी रेघ उजवीकडे वळते. नाझी झेंड्यावरचं चिन्हही उजवीकडेच वळतं. म्हणजे दिशा तीच आहे जी तुमच्या देवघरातल्या ताम्हणावर आहे. उलट गंमत अशी की तिकडे डावीकडे वळणारं चिन्ह सुचवलं गेलं होतं. १९१९ मध्ये क्रोन नावाच्या एका दंतवैद्याने पक्षासाठी चिन्ह सुचवलं तेव्हा त्याने डावीकडे वळलेलं घ्या म्हटलं होतं, कारण त्याच्या मंडळात असा समज होता की बौद्ध लोकांच्या मते ते भाग्याचं असतं. हिटलरने ते नाकारून उजवीकडचं, सरळ रेघांचं ठेवलं. म्हणजे उलटं करणं राहिलं बाजूला, त्याने समोर आलेलं डावं सोडून नेमकं आपल्या दिशेचं उचललं.

दुसरा एक नियम लोक सांगतात की तिरकं केलेलं ते नाझी आणि सरळ उभं ते आपलं. हा जरा बरा आहे कारण त्यांच्या झेंड्यावर लाल रंग, मध्ये पांढरा गोल आणि त्यात ४५ अंशात फिरवलेलं काळं चिन्ह असायचं. पण हिटलरच्या स्वतःच्या निशाणावर तेच चिन्ह सरळ उभं होतं, त्यामुळे हाही नियम पक्का नाही. आणि जरा विचार करा, ज्या झेंड्याचं चिन्ह आरपार दिसतं तो मागून बघितला की दिशा उलटीच दिसणार ना, मग काय मागे उभ्या असलेल्या माणसासाठी तो शुभ झाला?

आता जपानचं. तिथे त्याला मांजी म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी ते डावीकडे वळतं. जपानच्या नकाशांवर बौद्ध देऊळ दाखवायला हेच चिन्ह वापरतात, शंभरहून जास्त वर्षं झाली. तुम्ही मोबाइलवर झूम केलं असतंत तर क्योतोचा नकाशा मांजींनी भरलेला दिसला असता. उत्तरेला हिरोसाकी नावाचं शहर आहे, त्याच्या नगरपालिकेचं बोधचिन्हच मांजी आहे, कारण तिथल्या जुन्या सुभेदार घराण्याची ती निशाणी होती. २०१६ मध्ये जपानच्या सरकारी नकाशा खात्याने प्रस्ताव आणला की ऑलिम्पिकला परदेशी लोक येतील, त्यांच्यासाठीच्या नकाशांवर मांजीऐवजी पॅगोडाचं चित्र टाकूया, तर केवढा वाद झाला. बरेच जण म्हणाले की पाहुण्याला अर्थ समजावून सांगा, चिन्ह कशाला बदलता. मला ते तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं.

चीनमध्ये तर हे अक्षरच झालंय. सम्राज्ञी वू झेतियनने ६९३ साली ठरवलं की याचा उच्चार 'वान' करायचा, म्हणजे दहा हजार या आकड्याचा जो उच्चार आहे तोच, आणि त्यातून अर्थ निघाला की सगळी मंगलं, सगळी शुभं एकत्र. चिनी बौद्ध परंपरेत बुद्धाच्या छातीवर ते असतं, बुद्धाच्या हृदयाची मुद्रा म्हणून. हाँगकाँगला लांताऊ बेटावरचा मोठा बसलेला बुद्ध बघितलात तर छातीवर दिसेल. तैवानमध्ये खाण्याच्या पाकिटावर, हॉटेलच्या पाटीवर हे चिन्ह असलं की शाकाहारी समजायचं, आपल्याकडे हिरवा ठिपका असतो ना तसं. माझ्या एका शाकाहारी क्लायंटने तैवानला तीन दिवस नुसता भात खाल्ला कारण त्याला वाटलं त्या दुकानांचा कुठल्यातरी पक्षाशी संबंध असेल, आणि खरं तर ती एकटीच दुकानं त्याच्या कामाची होती. कोरियात देवळांवर असतंच, ज्योतिष सांगणाऱ्यांच्या दारावरच्या झेंड्यावरही असतं.

तिबेटकडे अजून एक वळण आहे. तिथे त्याला युंगद्रुंग म्हणतात, न बदलणारं, कायमचं असा अर्थ. तिबेटी बौद्ध बहुतेक उजवीकडचं काढतात आणि तिथला जुना बोन धर्म डावीकडचं. म्हणजे डावं-उजवं हा फरक आशियात आहे, पण तो पंथाचा आणि प्रांताचा आहे, शुभ-अशुभाचा नाही. जैनांचं तर विचारूच नका, त्यांच्याकडे चार हात म्हणजे चार गती, वर तीन ठिपके आणि चंद्रकोर, आणि सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचं लांछन, म्हणजे त्यांची ओळखखूण, स्वस्तिकच.

हे सगळं लांब वाटत असेल तर पुण्याहून दीड तासावर या. कार्ल्याच्या मोठ्या चैत्यगृहात, एकवीरेच्या देवळाच्या मागेच, खांबांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलीयत. त्यात धेनुकाकट नावाच्या गावचे बरेच 'यवन' आहेत, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून येऊन इथे राहिलेले लोक. तिथल्या एका लेखात 'यवनाचे' या अर्थाच्या अक्षरांच्या एका बाजूला त्रिरत्नाचं चिन्ह आहे आणि दुसऱ्या बाजूला स्वस्तिक, आणि ते चक्क डावीकडे वळलेलं आहे, तुमच्या कीचेनसारखं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. जुन्नरच्या लेण्यांतही लेखांच्या आगेमागे स्वस्तिकं आहेत. आंध्रातल्या अमरावतीला दगडात कोरलेल्या बुद्धाच्या पावलांवर आहेत. आपल्याकडे बरेच लोक स्वस्तिक फक्त गणपतीचं समजतात म्हणून त्यांना लेण्यात ते दिसलं की आश्चर्य वाटतं, पण सह्याद्रीतल्या या दगडावर ते बुद्धाच्या संघाला दिलेल्या दानाबरोबर कोरलेलं आहे, आणि देणारा माणूस पश्चिमेचा आहे. मला हा लेख दाखवायला सगळ्यात जास्त आवडतं.

तिथेच एकदा एका जर्मन ग्रुपमधल्या बाई, सत्तरीच्या पुढच्या, मी बोट दाखवल्यावर गप्प झाल्या आणि बाहेर जाऊन कठड्यावर बसल्या. मी तेव्हा नवीन होते, मला राग आला की आमचं दोन हजार वर्षांचं चिन्ह आणि यांना एवढं काय झालं. मी त्यांच्यामागे जाऊन पुन्हा लेक्चर द्यायला लागले, स्वस्ति म्हणजे कल्याण, सु म्हणजे चांगलं, अस्ति म्हणजे असणं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्ही सांगता ते खरं आहे, पण माझ्या वडिलांच्या दंडावर ते होतं, आणि ते काय काम करायचे हे मला ते गेल्यानंतर कळलं. मी काही बोलले नाही, त्यांच्याशेजारी बसून राहिले. त्या दिवसापासून माझी सांगायची पद्धत बदलली.

कारण पश्चिमेत हे चिन्ह पहिल्यापासून भीतीचं नव्हतं, हे आधी सांगायला पाहिजे. १९३० च्या आधी तिकडे ते 'गुड लक' म्हणून सगळीकडे होतं. कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या कारखान्याच्या दारात दगडी हत्ती आहेत, १९०१ चे, त्यांच्या अंगावर स्वस्तिकं आहेत. अमेरिकन सैन्याच्या ४५ व्या डिव्हिजनच्या खांद्यावर लाल कापडावर पिवळं स्वस्तिक होतं. फिनलंडच्या हवाई दलाच्या विमानांवर १९१८ पासून निळं स्वस्तिक होतं, तेव्हा नाझी पक्ष जन्मालाही आला नव्हता. आणि इस्राएलमध्ये मृत समुद्राकाठी एन गेदीला जुन्या सिनेगॉगच्या फरशीवर स्वस्तिक आहे. ज्यू लोकांच्या स्वतःच्या प्रार्थनास्थळात! हे मी ज्यू पाहुण्यांना सांगते तेव्हा ते सुद्धा थक्क होतात.

मग बिघडलं कुठे? श्लीमन नावाच्या जर्मन माणसाने १८७१ पासून ट्रॉय हे प्राचीन शहर खणायला घेतलं, तिथे त्याला टकळीला लावायच्या मातीच्या चकत्या शेकड्यांनी सापडल्या आणि त्यातल्या बऱ्याच चकत्यांवर हे चिन्ह. त्याने आणि इतरांनी त्याचा संबंध वेदांशी आणि मग 'आर्य' लोकांशी लावला. त्या वेळी मॅक्स म्युलरने, ज्याच्या नावाच्या भवनात मी पुण्यात जर्मन शिकले त्याच मॅक्स म्युलरने, श्लीमनला पत्र लिहून सांगितलं होतं की स्वस्तिक हा शब्द भारतातला आहे, त्याला भारतात स्वतःचा इतिहास आणि अर्थ आहे, तो भारताबाहेरच्या चिन्हांना लावलेला मला आवडत नाही. कोणी ऐकलं नाही. भाषांच्या अभ्यासातला 'आर्य' हा शब्द तिकडे हळूहळू रक्ताचा आणि वंशाचा झाला, ज्यूद्वेष्ट्या मंडळ्यांनी हे चिन्ह बिल्ल्यावर घेतलं, म्युनिकच्या थुले सोसायटी नावाच्या वंशवादी गटाने घेतलं, आणि १९२० च्या उन्हाळ्यात ते नाझी पक्षाच्या झेंड्यावर आलं. हिटलरने स्वतःच लिहून ठेवलंय की लाल रंग म्हणजे चळवळीचा सामाजिक विचार, पांढरा म्हणजे राष्ट्राचा, आणि चिन्ह म्हणजे आर्य माणसाच्या विजयासाठीचा लढा. त्यात कल्याण नाही, बुद्ध नाही, गणपती नाही. १५ सप्टेंबर १९३५ ला न्यूरेंबर्गला तो झेंडा जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज झाला आणि त्याच दिवशी ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारा कायदाही झाला. पुढच्या दहा वर्षांत त्या चिन्हाखाली ६० लाख ज्यू मारले गेले.

आणि रोमा लोक. हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. रोमा म्हणजे ज्यांना युरोपात जिप्सी म्हणतात ते, त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातून गेले. त्यांचे आकडे ऐका, येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, आणि दहाला देश. ऐकून अंगावर काटा येतो ना? हे लाखो लोक त्याच झेंड्याखाली मारले गेले. आर्य आर्य करत ज्यांना मारलं त्यांची भाषा आपल्या भाषेच्या नात्यातली होती. आणि आपले लोक तिथे लढलेही आहेत. रायगडचे नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीतले, १० जुलै १९४४ ला इटलीत जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणून मला कोणी म्हटलं की ते त्यांचं युद्ध, आपल्याला काय, तर मला ते मान्य नाही.

जर्मन लोक त्या चिन्हाला स्वस्तिक म्हणत नव्हते, हेही महत्त्वाचं. त्यांचा शब्द हाकेनक्रॉइत्स, म्हणजे हुकासारख्या वळलेल्या टोकांचा क्रूस. इंग्रजीत मात्र त्याला स्वस्तिक हेच नाव रूढ झालं आणि आपला शब्द त्या पापाला चिकटला. न्यूयॉर्कमध्ये नाकागाकी नावाचे जपानी बौद्ध भिक्षू आहेत, ते बरीच वर्षं हेच सांगत फिरतायत की दोन गोष्टींना दोन नावं द्या. आता कायदेसुद्धा तसं करायला लागलेत. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हावर बंदी आणली तेव्हा हिंदू, बौद्ध, जैन लोकांचा धार्मिक वापर स्पष्टपणे वगळला, आणि कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी कायद्यात हाकेनक्रॉइत्स हा शब्द घातला. २००८ मध्ये जेरुसलेमला हिंदू आणि ज्यू धर्मगुरूंची बैठक झाली, तिथेही मान्य झालं की हिंदूंसाठी हे हजारो वर्षांपासूनचं मंगल चिन्ह आहे.

पण माझं मत विचाराल तर नाव बदलून अर्धंच काम होतं. कारण समोरचा माणूस आधी आकार बघतो, नाव नंतर ऐकतो. मी ग्रुपला नेहमी नानजिंगची गोष्ट सांगते. १९३७ च्या डिसेंबरमध्ये जपानी सैन्य चीनच्या नानजिंग शहरात शिरलं आणि भयंकर कत्तल झाली. तिथे जॉन राबे नावाचा जर्मन, सीमेन्स कंपनीचा माणूस आणि नाझी पक्षाचा सभासद, त्याने बागेत हाकेनक्रॉइत्सचं भलंमोठं कापड पसरलं, म्हणजे जपानी विमानं मित्रदेशाचं निशाण बघून बाँब टाकणार नाहीत, आणि सहाशेवर चिनी लोकांना तिथे आसरा दिला. आणि त्याच शहरात रस्त्यावरचे मृतदेह कोण उचलत होतं? लाल स्वस्तिक सोसायटी. ही चीनमधली सेवाभावी संस्था, १९२२ ची, रेडक्रॉससारखी, तिच्या लोकांकडे डावीकडे वळलेलं लाल स्वस्तिक असायचं, त्यांनी ४० हजारांहून जास्त मृतदेह पुरल्याची नोंद आहे. आणि मारणारे सैनिक आले होते त्या देशातून जिथे प्रत्येक नकाशावर मांजी आहे. एका शहरात, एकाच थंडीत, एकच आकार तीन प्रकारे. कोणतं उलटं, कोणतं सुलटं याने तिथे कुणाला काही कळलं असतं का? कोणाच्या हातात आहे आणि तो माणूस काय करतोय हेच बघावं लागलं असतं.

याच्यावर लोकांनी वेगवेगळं काय केलं तेही बघा. अमेरिकेतल्या नावाहो आणि होपी वगैरे जमातींच्या विणकामात हे चिन्ह पिढ्यानपिढ्या होतं. २८ फेब्रुवारी १९४० ला चार जमातींनी लेखी जाहीर केलं की आमच्या पूर्वजांचं हे मैत्रीचं चिन्ह दुसऱ्या देशाने विटाळलंय, तेव्हा आजपासून आम्ही ते आमच्या घोंगड्यांवर, टोपल्यांवर काढणार नाही. आणि कॅनडात ऑन्टारियोमध्ये स्वस्तिक नावाचं गाव आहे, दुसऱ्या महायुद्धात सरकारने चर्चिलच्या नावावरून ते बदलून विन्स्टन ठेवायला घेतलं तर गावकऱ्यांनी ठाम नकार दिला, की हे नाव आमचं आधीपासूनचं आहे. मला दोघांबद्दलही आदर वाटतो. पण आपल्याला नावाहोंसारखं सोडता येणार नाही, कारण आपल्याकडे ते विणकामात नाही, जन्मापासून लग्नापर्यंत प्रत्येक कार्यात आहे.

आता तुमच्या लेकीचं. जर्मनीत दंडसंहितेच्या ८६ अ कलमाखाली नाझी चिन्ह सार्वजनिक ठिकाणी दाखवणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. तो कायदा बंदी घातलेल्या संघटनेच्या चिन्हांबद्दल आहे, पूजेतल्या स्वस्तिकाबद्दल नाही, आणि २००७ मध्ये जर्मनीने सगळ्या युरोपात बंदी आणायचा प्रयत्न केला तेव्हा हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला होता आणि पुढे ते सोडून दिलं गेलं. त्यामुळे तिने गुन्हा केला असं तिने मनात आणू नये. पण जिन्यातून जाणाऱ्याला कुंकवाचा लाल रंग आणि त्यात हा आकार एवढंच दिसतं, आणि त्या आजींनी लहानपणी काय बघितलं असेल हे आपल्याला माहीत नाही. म्हणून घराच्या आत, देवापुढे, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, बिनधास्त काढू दे, चार ठिपके आणि दोन्हीकडच्या रिद्धी-सिद्धीच्या रेघांसकट. बाहेर ज्ञानकमळ काढू दे, लक्ष्मीची पावलं काढू दे. गाडीवर स्वस्तिकाचं स्टिकर अजिबात नको, गाडी रस्त्यावर उभी असते आणि तिथे समजावून सांगायला कोणी नसतं. सामान पाठवताना पूजेच्या चौरंगावर, कलशावर स्वस्तिक असेल तर ते बाकी पूजेच्या सामानाबरोबर एकत्र ठेवा, समई, घंटा, हळदकुंकू शेजारी असलं की बघणाऱ्यालाही कळतं हे काय आहे.

आणि जमलं तर तिला सांगा, फराळाची ताटली घेऊन त्या आजींकडे जा. पहिल्याच वाक्याला आमची संस्कृती पाच हजार वर्षांची वगैरे काढू नकोस. आधी म्हण की तुम्हाला ते बघून त्रास झाला, मला कळलं, मला वाईट वाटलं. मग त्यांना बोलू दे. त्यांनी विचारलं तरच आपला अर्थ सांग, आणि जर्मनमध्ये सांगताना स्वस्तिक हाच शब्द वापर, हाकेनक्रॉइत्स वेगळा. माझ्याकडे कार्ल्याच्या त्या लेखाचा चांगला फोटो आहे, हवा असेल तर पाठवते, तो दाखवून बोलणं सोपं जातं.

ते कीचेन मात्र आत्ता पाठवू नका. कीचेन म्हणजे रोज ट्राममध्ये, ऑफिसच्या टेबलावर, सुपरमार्केटच्या काउंटरवर, आणि तिथे प्रत्येकाला मांजी आणि सेन्सोजी कोण सांगत बसणार. तुमच्याकडे देवघरात ठेवा, ती पुढच्या वेळी आली की तिला कार्ल्याला घेऊन या, मी असेन तर मीच तो खांब दाखवीन.